कोकणातलं शाश्वत पर्यटन आणि पर्यटन महामंडळाचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात न्याहारी-निवास चालवणारी कुटुंबं, ग्रामपंचायतींचे सदस्य, बोटवाले आणि मुंबई-पुण्याहून नेमाने येणारे पर्यटक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली आहेत. काही घाटमाथ्यावरची घेतली आहेत, कारण गर्दी सांभाळण्याचे प्रयोग तिथे आधी झाले. महाराष्ट्रात पर्यटन विकास महामंडळ आणि पर्यटन संचालनालय अशा दोन यंत्रणा आहेत. वाचायला सोपं जावं म्हणून खाली दोन्हींना मिळून ‘महामंडळ’ म्हटलं आहे.

शाश्वत पर्यटन म्हणजे किनाऱ्यावर कचरा न टाकणं, एवढंच ना?

कचरा डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची चर्चा जास्त होते. पण हंगाम संपल्यावर गावातल्या विहिरीत पाणी किती उरलं, वाळूत कासवाची घरटी टिकली का, पर्यटकाने खर्च केलेल्या पैशातला किती गावात राहिला आणि गावातल्या तरुणाला मुंबई न गाठता इथेच पोट भरता येईल असं वाटलं का, हे खरे प्रश्न आहेत. किनारा आरशासारखा स्वच्छ असेल, पण मेमध्ये रिसॉर्टला पाणी आणि वाडीला टँकर अशी स्थिती असेल, तर त्या पर्यटनाला शाश्वत म्हणता येणार नाही.

पण महामंडळाच्या हातात असतं तरी काय? जंगल वन विभागाचं, बोटी सागरी मंडळाच्या, किल्ले पुरातत्त्व खात्याचे.

खरं आहे. किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात, कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची असते, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो. १९७५ साली महामंडळ स्थापन झालं ते निवासस्थानं उभारायला आणि पर्यटन वाढवायला. कोणाला दंड करण्याचा अधिकार त्याच्याकडे फारसा नाही.

तरीही तीन गोष्टी त्याच्याकडे आहेत आणि त्या लहान नाहीत. कोणत्या गावाचा फोटो जाहिरातीत झळकणार हे महामंडळ ठरवतं. न्याहारी-निवास आणि कृषी पर्यटन केंद्रांची नोंदणी त्याच्याकडे होते, म्हणजे कोणाला कोणत्या अटीवर सरकारी शिक्का मिळणार हेही तिथेच ठरतं. आणि वेगवेगळ्या खात्यांना एका बैठकीला बोलावण्याचं कारण त्याच्याकडे असतं, कारण पर्यटक या सगळ्यांच्या हद्दीतून फिरत असतो. गर्दी आणण्याचं काम जो करतो, ती गर्दी गावाला झेपेल का हे आधी पाहण्याची जबाबदारीही त्याचीच असते. या पानावरच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

पर्यटकांचा आकडा वाढला म्हणजे पर्यटन यशस्वी झालं, असं का म्हणायचं नाही?

आकडा मोजायला सोपा असतो, म्हणून तो वापरला जातो. सकाळी गाडीने येऊन, घरून आणलेला डबा किनाऱ्यावर खाऊन संध्याकाळी परतणारी शंभर माणसं आणि दोन रात्री राहून गावातलं जेवण जेवणारी वीस माणसं यांची तुलना करा. गावाला वीस माणसांकडून जास्त मिळतं आणि त्रास कमी होतो. सिंधुदुर्गाला १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं गेलं. तेव्हापासून जिल्ह्याचं पर्यटन किती वाढलं याची उत्तरं बहुधा माणशी संख्येतच दिली जातात. मुक्कामाच्या रात्री, स्थानिक मालकीच्या खोल्यांचा वाटा आणि उन्हाळ्यातली भूजलाची पातळी हे तीन आकडे महामंडळाने दरवर्षी तालुकावार प्रसिद्ध केले, तर चर्चेचा सूर एका वर्षात बदलेल असं मला ठामपणे वाटतं.

पैसा गावातच राहावा यासाठी महामंडळ काय करू शकतं?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये मिळतं. नाना फडणवीसांचं हे गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात हे २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या लक्षात आलं. तोवर अंडी काढून नेली जात, खाल्ली जात, उरलीसुरली कुत्री आणि कोल्हे उकरत. संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी सुरक्षित जागी हलवायला सुरुवात केली. २००६पासून कासव महोत्सव होऊ लागला. पर्यटक आले, पण गावात हॉटेल नव्हतं. मग ते गावकऱ्यांच्या घरी उतरले, ओटीवर झोपले, घरचं जेवण जेवले. अंडी विकून जेवढे पैसे मिळत, त्यापेक्षा पिल्लं समुद्रात जाताना दाखवण्यातून जास्त मिळतात हे लोकांना दिसलं आणि राखण आपोआप कडक झाली. पुढे आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांनीही हा मार्ग धरला.

आता यात महामंडळाने काय करावं? पहिलं, गावात खोल्या भरल्या की जाहिरात थांबवावी आणि पर्यटकाला दुसऱ्या आठवड्याची तारीख सुचवावी. दुसरं, घरात निवास देणाऱ्या कुटुंबाला नोंदणीत झुकतं माप द्यावं. एका कागदावर होणारं काम सहा कागदांवर नेलं, की घरातली बाई तो नाद सोडते आणि बाहेरचा गुंतवणूकदार वकील लावून पुढे जातो. तिसरं, प्रशिक्षण गावात येऊन द्यावं. स्वयंपाक शिकवायची गरज नाही. हिशेब, ऑनलाइन बुकिंग, स्वच्छतागृहाची देखभाल आणि आगीपासून सुरक्षितता शिकवावी, आणि चार महिन्यांनी पुन्हा येऊन पाहावं.

आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. पिल्लं दिसतीलच अशी हमी कोणीही देऊ नये, सरकारी जाहिरातीने तर मुळीच नाही. मादी एका घरट्यात साधारण शंभरच्या आसपास अंडी घालते आणि ती उबायला दीड-दोन महिने लागतात. वाळूच्या उष्णतेप्रमाणे दिवस पुढेमागे होतात. पत्रिकेवर शनिवार-रविवार छापला म्हणून पिल्लं त्या दिवशी बाहेर येत नाहीत. हमी दिली, की ती पुरी करण्यासाठी पिल्लं अडकवून ठेवण्याचा मोह होतो आणि सगळ्या कष्टावर पाणी फिरतं.

किनाऱ्यावर दिवे लावले तर बिघडतं काय? पर्यटकांची सुरक्षितता नको का?

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू सर्वांत उजळ क्षितिजाकडे चालू लागतं. नैसर्गिक अवस्थेत तो उजेड समुद्राकडून येतो. मागे रिसॉर्टचे हॅलोजन असले, की ते उलट दिशेने जातं आणि पहाटेपर्यंत मरतं. अंडी घालायला आलेली मादीही उजेड पाहून परत फिरते. अंडी घालण्याच्या आणि पिल्लं निघण्याच्या महिन्यांत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे, किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे झाकावे, खाली वळवावे किंवा मंद लाल-पिवळे करावे. नोंदणीच्या अर्जात ही अट घालणं महामंडळाला एका परिपत्रकाने जमण्यासारखं आहे. वाळूवर गाडी नेण्याबद्दलही तेच. ओल्या वाळूत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. त्याच चाकांखाली घरटं असू शकतं, हे त्या बातमीत क्वचितच असतं.

गर्दीवर मर्यादा घातली तर धंदा बुडेल ना?

कास पठाराकडे पाहा. साताऱ्याजवळचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर स्थळांसोबत जागतिक वारशात आलं. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम पापुद्रा आहे आणि त्यावर पावसाच्या शेवटी तेरडा, सीतेची आसवं, गेंद यांचे गालिचे उमलतात. पायाखाली तो थर दबला, की पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही. तिथे वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी प्रवेश शुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा अशी घडी बसवली. शुल्क गोळा करणं, वाहनतळ, वाट दाखवणं या कामांतून गावातल्या लोकांना हंगामी रोजगार मिळाला. धंदा बुडाला नाही.

पण कासमध्ये दुसराही धडा आहे. संरक्षणासाठी पठाराला तारेचं कुंपण घातलं गेलं. गुरं आणि रानातले प्राणी आत येईनासे झाले, चराई थांबली आणि त्यामुळे फुलांवरच परिणाम होतोय असं स्थानिक लोक आणि अभ्यासक सांगू लागले. अखेर ते कुंपण काढलं गेलं. माणसांच्या गर्दीवर उपाय करताना गावाची आणि गुरांची जुनी वहिवाट तोडली तर नुकसान होतं. मर्यादा घालण्याआधी गावातल्या गुराख्याला विचारायला हवं.

भंडारदऱ्याच्या काजव्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे. मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नरमादीचा एकमेकांना दिलेला इशारा असतो. त्यात मोटारींचे हेडलाइट, मोबाइलच्या बॅटऱ्या आणि गाण्यांचा आवाज मिसळला, की इशारा हरवतो, मीलन होत नाही आणि पुढच्या वर्षीचे काजवे घटतात. वन विभागाने रात्रीच्या प्रवेशाच्या वेळेवर बंधनं आणली आहेत. पर्यटन यंत्रणांनी ‘काजवा महोत्सव’ या नावाने पूर्वी जी प्रसिद्धी केली, तिचं ओझं आता वनरक्षक रात्री अकरा वाजता वाहतूक वळवत पेलतो. यापुढे अशा ठिकाणाची जाहिरात करायची तर त्यासोबत वाहनतळाची जागा, तिथून पुढे पायी किंवा लहान बसने जाण्याची सोय आणि दिवसाची संख्या हे तिन्ही ठरलेलं असावं. ते ठरेपर्यंत जाहिरात करू नये.

मग गर्दी अनोळखी ठिकाणी वळवली तर? गणपतीपुळ्यावरचा ताण कमी होईल.

सल्ला ऐकायला चांगला वाटतो आणि काही वेळा तो बरोबरही असतो. पण तयारी नसलेल्या गावावर अचानक माणसं सोडणं म्हणजे एका जागचं दुखणं दहा जागी पोचवणं.

कातळशिल्पांचं उदाहरण घ्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळी माळांवर, माणसं, हत्ती, मासे, वाघ, भूमितीच्या आकृत्या कोरलेल्या सापडल्या. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा आहे की जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. २०२२ साली कोकणातल्या या शिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे आणि बारसू, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ ही ठिकाणं आहेत. यातली बरीच शिल्पं खासगी जमिनीत, उघड्या कातळावर आहेत. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून लोक त्यावर खडू ओढतात, पाणी ओततात, बूट घालून मधोमध उभे राहतात. त्याच सड्यावर पावसाळ्यात इवली फुलं आणि तात्पुरती तळी असतात, आणि सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या झऱ्याला लागतं. सडा म्हणजे पडीक जमीन हा शहरी समज महामंडळाच्या माहितीपत्रकात तरी येता कामा नये.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी जमीनमालकाशी लेखी करार आणि त्याचा ठरलेला वाटा, मग शिल्पाभोवती चालण्याची आखलेली वाट आणि पाहायला थोडा उंच कट्टा, मग गावातल्या पाच-सात मुलामुलींना मार्गदर्शक म्हणून तयार करणं, आणि सगळ्यात शेवटी जाहिरात. आपल्याकडे बरेचदा आधी ड्रोनची चित्रफीत निघते आणि वाट नंतर आखली जाते.

कोकणात एवढा पाऊस पडतो, तिथे पाण्याचा प्रश्न कसला?

वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस आणि तरी मे महिन्यात टँकर, ही कोकणाची जुनी व्यथा आहे. उतार तीव्र, नद्या आखूड, जांभा सच्छिद्र. आलेलं पाणी लवकर समुद्राला मिळतं किंवा झिरपून निघून जातं. विहिरी मार्च-एप्रिलपासून तळ गाठू लागतात आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी लागते, आंबा येतो, पर्यटक येतो.

हिशेब करून बघा. जलजीवन मिशनचा ग्रामीण भागासाठीचा मापदंड माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा साधा पोहण्याचा तलाव एकदा भरायला ६०,००० लिटर पाणी लागतं. म्हणजे जवळपास ११०० माणसांचं एका दिवसाचं पाणी. समुद्र पन्नास पावलांवर असताना हा तलाव हवा असतो, कारण खोलीचा दर त्याने वाढतो. किनाऱ्यालगत बोअर जास्त उपसली की गोड्या पाण्याच्या जागी खारं पाणी आत शिरतं. ते एकदा शिरलं, की शेजारच्या माडाच्या आणि सुपारीच्या बागेलाही भोगावं लागतं.

महामंडळाने स्वतःच्या निवासस्थानांपासून सुरुवात करावी. छपरावरचं पावसाचं पाणी साठवणं, आंघोळीचं पाणी बागेला देणं, खोलीतल्या चादरी रोज न बदलता पाहुण्याच्या मागणीवर बदलणं, आणि दर महिन्याचा पाणीवापर स्वागतकक्षात फळ्यावर लिहिणं. सरकारी जागेत हे झालेलं दिसलं की खासगी मालकाला सांगताना तोंड राहतं. नव्या नोंदणीसाठी पाण्याचा स्रोत कोणता आणि एप्रिल-मेमध्ये किती पुरतो याचा ग्रामपंचायतीचा दाखला मागावा. मला विचाराल तर या पानावरच्या सगळ्या अटींमध्ये ही एक अट सर्वांत आधी यायला हवी.

प्लॅस्टिकबंदी आहे, मग महामंडळाने वेगळं काय करायचं?

राज्यात २०१८पासून बंदी आहे, केंद्राने २०२२मध्ये एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली. पाण्याची बाटली मात्र दोन्हींतून बरीच सुटली. पर्यटनस्थळी ठळक जागी गाळलेलं पाणी माफक दरात मिळण्याची सोय करणं आणि महामंडळाच्या उपाहारगृहात काचेच्या बाटलीत पाणी देणं एवढं केलं तरी फरक पडतो. उत्तर सिक्कीममधल्या लाचेन गावाने २०१२च्या सुमारास बाटलीबंद पाण्यावर स्वतःच बंदी घातली आणि २०२२पासून सिक्कीम सरकारने ती राज्यभर आणली. निर्णयाची सुरुवात गावाच्या पारंपरिक सभेतून झाली, म्हणून तो टिकला.

मुंबई-पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना कसं थांबवणार?

थांबवायचं नाही, दुसरा पर्याय सोपा करायचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के पर्यटनाशी जोडलेले आहेत आणि त्यात प्रवासाचा वाटा मोठा आहे. कोकणाच्या हाताशी १९९८पासून पूर्ण धावणारी कोकण रेल्वे आहे आणि २०२२पासून तिचा संपूर्ण मार्ग विजेवर आहे. म्हणजे अवघड काम झालेलं आहे.

अडतं ते स्थानकाच्या बाहेर. रत्नागिरीहून गणपतीपुळे, कुडाळहून मालवण, खेडहून दापोली, प्रत्येक ठिकाणी अजून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आसपास अंतर उरतं. पहाटे गाडी येते तेव्हा एसटी नसते आणि रिक्षावाला जो आकडा सांगतो तो ऐकून पुढच्या वेळी माणूस स्वतःची गाडी काढतो. महामंडळाने एसटी आणि रेल्वेसोबत बसून चार-पाच स्थानकांवर गाडीच्या वेळेला जोडून बस सुरू करावी, रिक्षा आणि वडापचे ठरलेले दर फलकावर लावावे आणि बुकिंगच्या संकेतस्थळावर खोलीसोबतच स्थानकावरून आणण्याची सोय दाखवावी. परतीची बस किती वाजता आहे हे खोलीच्या दारामागे चिकटवलं तरी उपयोग होतो. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला अशा फेरीबोटींनी खाडी ओलांडली की मोठा वळसा वाचतो आणि प्रवासच सहलीचा भाग होतो. या बोटींचं वेळापत्रक एका ठिकाणी, मराठीत, अद्ययावत मिळालं पाहिजे.

गणपती आणि शिमग्याला मात्र वेगळा विचार हवा. तेव्हा रेल्वेतली जागा चाकरमान्यांची आहे. त्या आठवड्यांत कोकणाच्या सहलींची जाहिरात बंद ठेवणं हे साधं सौजन्य आहे.

मालवणच्या स्कुबा डायव्हिंगबद्दल एवढी काळजी कशाला? तिथे शेकडो तरुणांना रोजगार मिळाला आहे.

रोजगार मिळाला आहे आणि तो टिकावा म्हणूनच काळजी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे. त्यावर पाय ठेवला, नांगर टाकला की वर्षानुवर्षं वाढलेला भाग क्षणात तुटतो. नव्या माणसाला पाण्यात पाच मिनिटं उतरवून फोटो काढून वर आणण्याची घाई असेल, तर त्याचा पाय कुठे पडतो ते पाहायला प्रशिक्षकाला वेळ मिळत नाही.

तारकर्लीला महामंडळाचीच स्कुबा डायव्हिंगची संस्था आहे. या जिल्ह्याकडे असलेली ही मोठी जमेची बाजू आहे. तिथून प्रमाणित झालेल्या प्रशिक्षकांनाच परवाना, बोटी बांधायला कायमचे तरंगते बोये, एका वेळी पाण्यात उतरणाऱ्यांची मर्यादा आणि मच्छीमारांच्या जाळ्यांपासून ठरलेलं अंतर, एवढं पक्कं केलं तर हा व्यवसाय आजच्या मुलांच्या मुलांनाही करता येईल. अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध फार जुना आहे आणि त्यांचं ऐकूनच नियम करावे लागतील. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींनाही हेच लागू आहे. चार बोटींनी घेरून पाठलाग केला, की कळप ती जागा सोडतो.

शांतपणे समुद्र दाखवायचा तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाची कांदळवन सफर पाहावी. स्त्रिया स्वतः होडी वल्हवतात, तिवराच्या जाती ओळखून दाखवतात, खेकडे आणि पक्षी दाखवतात. इंजिन नाही, आवाज नाही. अशा प्रत्येक खाडीला महामंडळाने आपल्या अधिकृत सहलीत जागा द्यावी.

पावसाळ्यात फिश थाळी मागितली तर चुकतं का?

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. तेव्हा ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली किंवा लांबून आणलेली असते. त्या दिवसांत सुकट, सोडे, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, टाकळा-भारंगीसारख्या रानभाज्या, घावणे आणि सोलकढी हेच खरं कोकणी जेवण. महामंडळाने पावसाळी जेवणाची स्वतंत्र यादी काढून ती अभिमानाने मांडावी. पर्यटकाला माहीत नसतं म्हणून तो मागतो. सांगितलं तर आवडीने खातो.

‘इको’ नाव लावलेल्या रिसॉर्टवर विश्वास ठेवावा का?

नाव पाहू नका, चार गोष्टी विचारा. सांडपाणी कुठे जातं, पाणी कुठून येतं, कामावर गावातले किती आणि कोणत्या पदांवर, आणि भाजी-मासळी कोणाकडून घेता. ज्याचं काम खरं आहे तो उत्तर देताना तुम्हाला मागच्या बाजूला नेऊन शोषखड्डाच दाखवतो. महामंडळाने स्वतःचं साधं मराठी मानांकन काढावं, दर वर्षी प्रत्यक्ष तपासणी करावी आणि निकष न पाळणाऱ्याचं नाव यादीतून काढावं. काढण्याची तयारी नसेल, तर मानांकन सुरूच करू नये.

बाहेर कुठे हे जमलं आहे का?

केरळात २००८ साली कोवळम, कुमरकम, तेक्कडी आणि वैतिरी इथे जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला आणि २०१७ साली त्यासाठी राज्याने वेगळं मिशन स्थापन केलं. कुमरकममध्ये हॉटेलांनी भाजी, नारळ, अंडी जवळच्या कुडुंबश्रीच्या, म्हणजे केरळ सरकारच्या बचत गट योजनेतल्या, महिला गटांकडून घ्यायची व्यवस्था बसवली. पुरवठा कधी कमी पडे, दरावरून कुरबुर होई. त्या जागी पर्यटन विभाग मध्यस्थ म्हणून उभा राहिला आणि मला वाटतं, अनुदानापेक्षा या मध्यस्थीचं मोल जास्त आहे. कोकणात बचत गट आहेत, हॉटेलं आहेत, बागायतदार आहेत. आंबा-काजूच्या पलीकडे रोजची भाजी, अंडी, कोकम आगळ, तांदूळ यांची साखळी जोडून द्यायला कोणीतरी रोज फोन उचलणारा माणूस नेमावा लागेल.

यासाठी पैसा कुठून आणायचा?

बराचसा खर्च नवा नाही, जाहिरातीचा पैसा वळवण्याचा आहे. शिवाय शुल्क आकारता येतं. माथेरानमध्ये येणाऱ्या प्रत्येकाकडून नगरपरिषद प्रवासी कर घेते आणि तरीही लोक जातात. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. ती कागदावर राहिली आहे की कामाला लागली आहे, यावर बरंच अवलंबून आहे. गोळा केलेला पैसा कुठे गेला हे किनाऱ्यावरच्या फलकावर लिहिलं, तर शुल्क देताना कोणी खळखळ करत नाही.

आमच्या गावात अजून पर्यटक फारसे येत नाहीत. सुरुवात कशी करावी?

ग्रामसभा घ्या आणि आधी काय नको ते ठरवा. किनाऱ्यावर गाड्या नकोत, रात्री दहानंतर स्पीकर नको, देवराईत पर्यटक नकोत, अमुक विहीर गावाचीच राहील. ठराव लेखी करा. मग किती घरं पाहुणे ठेवायला तयार आहेत, प्रत्येकी किती खोल्या, स्वच्छतागृह आहे का, मेमध्ये पाणी किती, हे मोजा. त्यावरून एका रात्रीत जास्तीत जास्त किती माणसं हा आकडा काढा. तो ठरावाला जोडून पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. निवास व न्याहारी योजनेत नोंदणीचे अर्ज सगळ्या घरांनी एकत्र भरावेत, म्हणजे तपासणीला येणारा अधिकारी एकाच फेरीत सगळी घरं पाहतो. पहिला हंगाम दिवाळीनंतरचा धरा, मेचा धरू नका. थंडीत पाणी असतं, हवा चांगली असते आणि चुका दुरुस्त करायला पुढचा उन्हाळा येईपर्यंत वेळ मिळतो.